मुंगळ्यांची नवी वसाहत सहा-आठवरच अडते, पिलावळ गायब होते: कारणं आणि उपाय

मागे कापसाने अडवलेलं पाणी, तोंडाशी कापसाचं बूच, अशा टेस्ट ट्यूबमध्ये राणी आहे, तिच्याभोवती सहा-आठ बारीक कामकरी मुंग्या आहेत, अंड्यांचा एक पुंजका आहे. महिन्याभराने बघावं तर तेच चित्र. मधे अळ्या दिसल्या होत्या, त्या नाहीत. पुन्हा अंडी येतात, पुन्हा जातात. काळ्या मुंगळ्याची, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेससची, वसाहत घरी वाढवताना सगळ्यात जास्त वेळा येणारी अडचण हीच. कॅम्पोनोटसच्या इतर जातींनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

कारणं बरीच आहेत, पण उपायांचा कल एकाच बाजूला आहे. वसाहत अडली की माणूस काहीतरी वाढवायला जातो: मोठं घर, जास्त पाणी, जास्त गोड, जास्त वेळा उघडून बघणं. आणि नेमकं तेच कमी करायचं असतं. वाढवायचं ते एकच, प्रथिनं. तीही चिमटीभर.

खरंच अडली आहे का?

उबदार हवेत, 26 ते 28 अंशांच्या आसपास, अंड्यापासून कामकरी मुंगी व्हायला मुंगळ्यात साधारण दीड ते दोन महिने लागतात. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात हेच अडीच-तीन महिन्यांवर जातं. म्हणजे तीन आठवडे संख्या वाढली नाही याला अडणं म्हणत नाहीत. पिलावळ पुढच्या टप्प्यात गेली का, एवढंच पाहा. अंडी होती तिथे तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या, अळ्या होत्या तिथे फिकट तपकिरी कोष दिसत असतील, तर सगळं ठीक चाललंय. दर दहा दिवसांनी मोबाइलवर एक फोटो काढून तारखेनिशी ठेवा. डोळ्यांना वाढ दिसत नाही, फोटो शेजारी ठेवले की दिसते.

पहिल्या खेपेच्या मुंग्या खुज्याच असतात. राणीने त्यांना स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर आणि पंखांचे स्नायू जिरवून वाढवलेलं असतं, त्यामुळे कापडच कमी पडतं. मोठ्या डोक्याचे मुंगळे पहिल्या वर्षात दिसले नाहीत तरी काळजी नको. वसाहत बरीच मोठी झाली की ते आपोआप येतात.

आणखी एक हकनाक घाबरवणारी गोष्ट. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसतो. बुरशी समजून लोक असे कोष चिमट्याने काढून टाकतात. तो ठिपका म्हणजे अळीने कोषात जाताना एकदाच टाकलेली विष्ठा. ज्या कोषाला ठिपका आहे त्यातली अळी पुढच्या टप्प्यात गेलीय, असाच त्याचा अर्थ. कोष फाडून कामकरी मुंग्या आतली फिकट, मधाच्या रंगाची मुंगी ओढून काढतात, तेही खून नव्हे, बाळंतपण आहे. मुंगळ्याच्या कोषातून बाहेर यायला मदत लागते. ती फिकट मुंगी काही दिवसांत काळी होते.

अंडी एका रात्रीत नाहीशी झाली

सगळा पुंजका एकदम गेला असेल तर नव्वद टक्के वेळा कोणीतरी त्यांना हादरवलंय. धोका वाटला की राणी आपली अंडी खाते आणि त्यातलं पोषण परत अंगात घेते. क्रूर वाटतं, पण तिच्या बाजूने हिशोब चोख आहे: पिलावळ वाचणार नसेल तर निदान भांडवल वाचवायचं.

मुंग्यांना आपला आवाज फारसा त्रास देत नाही, जमिनीतून येणारी थरथर देते. फ्रिजवर, वॉशिंग मशिनच्या खोलीत, स्पीकरच्या शेल्फवर, सारख्या उघडझाप होणाऱ्या ड्रॉवरमध्ये नळी ठेवू नका. भिंतीतलं कपाट, त्यातला खालचा न वापरला जाणारा कप्पा उत्तम. नळीखाली घडी घातलेला जुना टॉवेल ठेवा. नळीवर पुठ्ठ्याची सैलसर नळकांडी चढवा. बघायचं असेल तेव्हा ती अलगद सरकवायची, नळी उचलायची नाही. पुठ्ठ्याऐवजी लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार पदर गुंडाळले तरी चालतं, कारण लाल उजेड मुंग्यांना फारच कमी दिसतो.

एकटी राणी असेल, अजून एकही कामकरी नसेल, तर पंधरा दिवसांतून एकदा, अर्धं मिनिट. त्याहून जास्त नाही. आणि खाणं मुळीच देऊ नका. मुंगळ्याची राणी पहिल्या मुंग्या येईपर्यंत स्वतःला कोंडून घेते आणि काही खात नाही. तिच्या नळीत मधाचा थेंब सोडणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, शिवाय कापूस काढताना बसणारा धक्का वेगळा. कामकरी आल्यावर आठवड्यातून दोनदा खाऊ घालताना जे दिसेल तेवढं बघून घ्या.

नळी जोरात हलली, पडली, प्रवासात आपटली, तर आणखी एक धोका असतो. मुंगळ्याला नांगी नाही. तो पोटाचं टोक पुढे वळवून फॉर्मिक आम्ल फवारतो. मोकळ्यावर ठीक, पण घट्ट बूच लावलेल्या नळीत ती वाफ त्यांनाच मारते. नळी उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबट, उग्र वास आला तर तोंडाचा कापूस सैल करा, नळी आडवी ठेवून अर्धा तास हवा खेळू द्या, मग दिवसभर अंधारात सोडून द्या. तोंडाशी नेहमीच कापूस वापरा. रबरी बूच नको.

अंडी आहेत, बारीक अळ्याही आहेत, पण अळ्या मोठ्या होत नाहीत

सहा-आठवर अडलेल्या बहुतेक वसाहतींचं दुखणं इथे असतं, आणि ते लक्षात येत नाही कारण मुंग्या ठणठणीत दिसतात. कॅम्पोनोटसच्या आतड्याच्या पेशींमध्ये ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू राहतात, ते मुंगीला अत्यावश्यक अमिनो आम्लं तयार करून देतात. त्यामुळे मोठ्या मुंग्या नुसत्या साखरपाण्यावर बराच काळ तगून राहतात. अळ्यांचं तसं नाही, त्यांना अंग धरायला प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत की कामकरी मुंग्या सगळ्यात लहान अळ्या मोडून मोठ्यांना भरवतात. पुंजका महिनोन्‌महिने तेवढाच राहतो: वरून अंडी येतात, खालून अळ्या खर्ची पडतात. (याच कारणासाठी बुरशी मरावी म्हणून साखरपाण्यात अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून घालण्याचा उद्योग करू नका. आतले जिवाणूही मरतात आणि पिलावळ आणखी खुंटते.)

काय द्यायचं? पाच ते दहा मुंग्यांना एका वेळी दोन चिलटं पुरतात. पिकलेल्या केळ्याचं साल काचेच्या ग्लासात टाका, वर कागदाचा शंकू बसवा, शंकूच्या टोकाला काडीपेटीची काडी जाईल एवढं भोक ठेवा. दोन दिवसांत चिलटं जमतात. ग्लास तसाच फ्रीझरमध्ये ठेवा आणि मेलेली चिलटं डबीत भरून फ्रीझरमध्येच साठवा. मीलवर्म (पक्ष्या-माशांचं खाद्य म्हणून मिळणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या) मिळत असतील तर एका अळीचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे करा. मऊ आतला भाग वर यायला हवा, कारण एवढ्या बारीक मुंग्यांना कडक कातडी फोडता येत नाही. अख्खी अळी दिली आणि त्यांनी हात लावला नाही, याचं कारण बहुधा एवढंच असतं. पावसाळ्यात दिव्याखाली पडलेली पंखवाली वाळवी मिळाली तर मेजवानीच. काहीच नसेल तर उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा मोहरीएवढा कण, पण तो सहा तासांत बाहेर काढायचा.

आठवड्यातून दोनदा प्रथिनं. कीटकाचा तुकडा 24 तासांनी काढून टाका. अळ्या मोठ्या आणि फुगीर दिसत असतील तर मागणी जास्त असते, त्या काळात एक दिवसाआड द्यायला हरकत नाही. सगळे कोषात गेले की मुंग्या प्रथिनांकडे ढुंकून बघत नाहीत. तेव्हा «खात नाहीत» म्हणून पदार्थ बदलत बसू नका.

कोणताही कीटक देण्याआधी किमान एक पूर्ण दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे त्याच्यावरचे माइट (अंगाला चिकटून राहणारे अतिबारीक जीव) मरतात. घरात पकडलेलं झुरळ कधीच देऊ नका. शेजारच्या घरातल्या फवाऱ्यावरून चालून आलेलं असू शकतं. तांदळात जाळी करणारी अळी मऊ असते आणि मुंगळे आवडीने खातात, पण धान्याला बोरिक पावडर लावलेली असेल किंवा डब्यात कीड न लागण्याची टिकडी असेल तर ती अळी म्हणजे विषच. बोरिक पावडरीने मुंग्या लगेच मरत नाहीत, चार-आठ दिवसांनी एकेक करून मरतात, त्यामुळे कशाने मेल्या ते कळतही नाही.

गोडाचं प्रमाण: एक चमचा साखर, तीन चमचे पाणी. मध असेल तर एकास चार. उघडा थेंब ठेवला तर छोट्या मुंग्या त्यात चिकटून मरतात. इअरबडचं कापसाचं टोक कापून ते साखरपाण्यात भिजवा, हलकं पिळा आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पत्र्याच्या तुकड्यावर ठेवा. दोन दिवसांनी पत्र्यासकट बदला. शिळं झालेलं साखरपाणी आंबतं, मग त्याला कोणी शिवत नाही.

पोट भरलं की नाही हे विचारायला नको, दिसतं. उपाशी मुंगळ्याचं पोट लहान, काळंभोर आणि एकसंध दिसतं. भरपेट गोड प्यायलेल्याचं पोट फुगून त्यावरची काळी कवचं एकमेकांपासून सुटतात आणि मधे फिकट, पारदर्शक पट्टे दिसतात. दहांत दोघींचं पोट असं असलं तरी पुरे, त्या बाकीच्यांना तोंडाने भरवतात. दोघींचंही नसेल तर त्यांना गोड सापडलेलंच नाही. पत्र्याचा तुकडा नळीच्या तोंडापासून दोन सेंटिमीटरच्या आत सरकवा.

नळीत पाणी फुटतं

म्हणजे मागचं पाणी कापसातून राणीच्या बाजूला येऊन साचतं. रचना नीट असेल तर हे होत नाही, पण बहुतेकांची नळीच बारीक असते. मुंगळ्याच्या राणीला 16 मिलिमीटरची नळी कशीबशी पुरते. 20 मिलिमीटर व्यासाची, 150 मिलिमीटर लांबीची घ्या. उकळून गार केलेलं पाणी 5 सेंटिमीटर भरा. औषधाच्या दुकानातल्या शोषक कापसाचा घट्ट गोळा पेन्सिलने दाबत पाण्यापर्यंत न्या, त्याच्या पलीकडची बाजू जेमतेम ओलसर होईपर्यंत. कापूस दीड ते दोन सेंटिमीटर जाड हवा. मागे हवेचा बुडबुडा राहिला तर कापूस काढून पुन्हा बसवा.

सगळी मेख त्या बुडबुड्यात आहे. पाण्यामागे अडकलेली हवा खोली तापली की फुगते आणि समोरचं पाणी कापसातून पुढे ढकलते. दुपारी ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवलेल्या नळीत संध्याकाळी पाणी साचलेलं दिसतं ते याने. नळी नवी असताना बुडबुडा नसतो. पाणी संपत जातं तशी त्याची जागा हवा घेते, म्हणून दोन महिने नीट चाललेली नळी अचानक तिसऱ्या महिन्यात फुटते. «आपण काहीच बदललं नाही» हे खरं असतं, बदललं ते आतलं प्रमाण.

उपाय दोन. एक, तापमान दिवसरात्र फारसं बदलणार नाही अशी जागा. दोन, नळीच्या तोंडाखाली पेन्सिल ठेवून तोंडाची बाजू किंचित उंच करा. मग अडकलेली हवा वर, कापसालगत येते, पाणी मागच्या टोकाला राहतं आणि ढकललं जायची शक्यता कमी होते. पाणी एक सेंटिमीटर उरलं की दुसरी नळी जोडायची तयारी करा.

थंडीत ऊब द्यायची असेल तर तीही पाण्याच्या टोकाला कधीच नको, कारण तेच बुडबुड्याचं गणित. तोंडाकडच्या एक तृतीयांश भागाला द्या, म्हणजे राणीला हवं तर ऊब, नको तर गारवा निवडता येतो.

पाणी फुटलंच तर नळी उलटी करू नका, झटकू नका. राणी आणि पिलावळ कोरड्या भागात असेल तर इअरबडने तोंडाकडून साचलेलं पाणी टिपून घ्या. पिलावळ पाण्याला लागली असेल तर मात्र लगेच नवी नळी जोडा. कामकरी मुंग्या पिलावळ तोंडात धरून उभ्या असतात, त्यांना कोरडी जागा मिळाली की तासाभरात स्वतःच जातात. मागे राहिलेली अंडी शून्य नंबरच्या मऊ ब्रशने उचलून नव्या नळीच्या तोंडाशी ठेवली तर उरलेलं त्या बघून घेतात.

घर बदलायची घाई

अडलेल्या वसाहतीचं «जागा कमी पडत असेल» हे निदान जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. आठ मुंग्यांना पंधरा सेंटिमीटरची नळी म्हणजे वाडा आहे. अॅक्रिलिकच्या किंवा जिप्समच्या फॉर्मिकेरियममध्ये, म्हणजे मुंग्यांसाठी बनवलेल्या दालनांच्या घरात, एवढ्या थोड्या मुंग्यांना आपल्या ऊब-ओलाव्यावर ताबा ठेवता येत नाही. रिकाम्या दालनांत त्या मेलेल्या कीटकांचे तुकडे आणि विष्ठा टाकतात, ती ओल धरते, बुरशी येते. आणि राणी एका कोपऱ्यात अंग चोरून बसते, अंडी घालणं कमी करते. किमान 25-30 कामकरी होईपर्यंत नळीच. मोठं घर घेऊन ठेवलं असेल तर ते आणखी सहा महिने कपाटात राहू द्या.

तोपर्यंत हवंय ते फक्त अंगण. झाकणाचा पारदर्शक डबा, 15 बाय 10 सेंटिमीटर पुरे. झाकणात बारीक स्टीलची जाळी बसवलेली, नळी आतच आडवी ठेवलेली. नळीच्या तोंडाच्या कापसात स्ट्रॉचा दोन सेंटिमीटरचा तुकडा खोचा: दार बारीक राहतं आणि राणीला सुरक्षित वाटतं.

नळी बदलायची वेळ आली की दोन्ही नळ्यांची तोंडं समोरासमोर आणून चिकटपट्टीने जोडा, सांध्यात फट नको. नव्या नळीवर पुठ्ठा, जुनी उघडी, उजेडात. उजेड म्हणजे टेबललॅम्प जवळ आणून तापवणं नव्हे, खोलीतला साधा उजेड. काही वसाहती त्याच रात्री जातात, काही दहा दिवस ढिम्म हलत नाहीत. जुन्या नळीत पाणी आणि स्वच्छता असेल तर त्यांना हलायचं कारणच नसतं. थांबा.

सगळ्या एकदम तडफडतात

मुंग्या उताण्या, पाय थरथरतायत, चालणारीही झोकांड्या खातेय: हे विषाचं लक्षण आहे, आजाराचं नाही. आपल्या घरांत संशयित ठरलेले असतात. डास पळवणारं प्लगमधलं द्रव्य, डासांची कॉइल, मुंग्यांचा खडू, झुरळांचा फवारा, सोसायटीने जिन्यात करवलेली कीटकनाशक फवारणी, पावसाळ्यातलं धुरीकरण. यातल्या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं असतात आणि डास मारणारं द्रव्य मुंगी ओळखत नाही असं नसतं. मुंग्यांच्या खोलीत प्लग लावायचा नाही, मच्छरदाणी वापरा. फवारणीची नोटीस लागली की डबा दोन दिवस दुसऱ्या घरी हलवा.

विषबाधा झालीच तर डबा ताबडतोब मोकळ्या हवेत न्या आणि राणीला स्वच्छ, नव्या नळीत घ्या. इथे धक्क्याचा विचार करायचा नसतो. आपले हात आधी साबणाने धुवा. हातावरचं डास पळवणारं क्रीम हा न सापडणारा गुन्हेगार असतो.

एकेक करून मरत असतील, आठवड्याला एखादी, तर गोड पोचतंय का आणि मागचा कापूस अजून ओला आहे का, हे दोन बघा. कापूस पिवळा पडला म्हणून काही बिघडत नाही. कोरडा पडला तर बिघडतं.

पळून जाणं आणि आत येणं

डब्याच्या कडेला टाल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची पातळ पेस्ट दोन बोटं रुंद पट्टीत लावतात. वाळली की मुंग्यांचे पाय घसरतात. मुंग्या आत सोडायच्या आधी ती पूर्ण वाळून वास जायला हवा. मात्र कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही पट्टी हवेतला दमटपणा ओढून कामातून जाते. त्या महिन्यांत पेट्रोलियम जेलीचा कागदाएवढा पातळ थर लावा. जाड लावला तर मुंग्या त्यात रुततात.

याच्या उलटं संकट जास्त घातक. घरातल्या बारीक लाल किंवा काळ्या मुंग्यांना तुमच्या साखरपाण्याचा सुगावा लागला, तर त्या स्ट्रॉतून आत शिरून रात्रीत अख्खी पिलावळ उचलून नेतात, आणि तुम्ही राणीला दोष देत बसता. यावर आजीचा दुधाच्या कपाटाचा उपाय अजून अजोड आहे: परातीत बोटभर पाणी, मधे उपडी वाटी, वाटीवर डबा. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पाण्यात टाका, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक मुंग्यांना चालता येत नाही. डब्याचा कुठलाही भाग भिंतीला किंवा पडद्याला टेकू देऊ नका. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल, आणि मग पुन्हा तो प्लग.

हवामान

विदर्भात एप्रिल-मे हा कसोटीचा काळ. बंद खोली 38-40 अंशांवर गेली तर नळीतली पिलावळ टिकत नाही. डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर ठेवा; परातीतलं पाणी इथे दुहेरी कामाचं. कूलरच्या झोतात नको, त्याच्या स्टँडवर तर मुळीच नको, थरथर असते. घाटावरच्या थंडीत अंडी कमी होणं, मुंग्या सुस्तावणं साहजिक आहे. या जातीला थंड प्रदेशांतल्या मुंग्यांसारखी फ्रिजमधली शीतनिद्रा लागत नाही, परदेशी व्हिडिओ बघून तो प्रयोग करू नका. थंडीत खाणं निम्मं करा आणि मार्चची वाट बघा.

बुरशी, माइट

कापसावर पिवळा-करडा डाग असेल तर सोडून द्या. केसाळ, पसरणारी बुरशी पिलावळीकडे सरकतेय असं दिसलं तर नवी नळी जोडा. बहुतेक मुंग्यांच्या छातीत जंतुनाशक द्रव स्रवणारी ग्रंथी असते, ती कॅम्पोनोटसच्या बहुतेक जातींत नसते, म्हणून यांच्या नळीत उरलंसुरलं अन्न राहू देणं जास्त महागात पडतं.

माइट: मुंगीच्या पायांच्या सांध्यांजवळ किंवा पोटावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट, न हलणारे ठिपके. भिंगातून बघा. एखाददुसरा असेल तर लगेच नव्या नळीत हलवा, जुनी टाकून द्या, अंगणाचा डबा उकळत्या पाण्याने धुवा. राणीच्या अंगावर दाटी झाली असेल तर वसाहत सहसा वाचत नाही.

हे सगळं नीट आहे, तरी एकही अळी कोषात जात नाही

मग राणीकडे बघा. पंख गळलेत म्हणजे ती फळलेली आहे असं नाही. मीलन न होताही राण्या पंख टाकतात. मुंग्यांमध्ये फळलेल्या अंड्यातून मादी, न फळलेल्या अंड्यातून नर होतो. न फळलेल्या राणीची अंडी बहुतेक वेळा सुरकुततात किंवा खाल्ली जातात, आणि त्यातून चुकून काही वाढलंच तर तो पंखवाला, बारीक डोक्याचा नर निघतो. एकटी राणी उबदार, शांत जागी चार महिने झाल्यावरही एक कोष दाखवत नसेल, तर ती न फळलेली समजा. आधीच कामकरी मुंग्या काढलेल्या राणीबद्दल हा संशय घ्यायचं कारण नाही. तिथे परत प्रथिनांपासून सुरुवात करा.

बदली राणी शोधताना वळवाच्या आणि पावसाळ्याच्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याखाली, अंगणात बघा. वाळवीची राणी उचलू नका: तिची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या, चारही पंख सारख्या लांबीचे. मुंगीची कंबर चिमटलेली, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मोठे. ऑनलाइन विकली जाणारी परदेशी जात मागवू नका. 2025 साली केनियात चौघांना जिवंत मुंग्यांच्या तस्करीबद्दल प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड झाला, आणि त्यातल्या दोघांजवळच्या सुमारे पाच हजार मुंग्या अशाच कापूस घातलेल्या नळ्यांत भरलेल्या होत्या. सुटलेली परकी जात इथल्या मुंग्यांचं काय करील, तो प्रश्न आणखी वेगळा.

जुन्या वसाहतीची राणी मेली असेल तर नवी राणी त्याच नळीत टाकू नका, उरलेल्या कामकरी मुंग्या तिला मारतात. नव्या राणीला नवी नळी, नवा कापूस.